शब्दचर्चा: चक्र विणतं की काततं?

गोरेगावची वाचक
'द व्हील ऑफ टाइम' ही अद्भुतरम्य इंग्रजी मालिका बघताना मी आईला मराठीत सांगत जाते. एका जागी दरवेळी अडते. नशिबाचा विषय निघाला की तिथली माणसं म्हणतात, चक्र आपल्या मर्जीने विणतं. आई लगेच म्हणाली, "चाकावर सूत काततात गं, विणतात मागावर." बरोबरच आहे तिचं. मग 'चक्र काततं' म्हणू का? आणि त्या विणकामाला 'पॅटर्न' म्हणतात, त्याला काय म्हणावं? 'आकृतिबंध' समीक्षेतला वाटतो, 'नक्षी' फार वरवरची.

माहीमकर
'काततं' नको. कातण्यात धागा तयार होतो, इथे धागे आधीच आहेत. मूळ कादंबऱ्यांचा लेखक रॉबर्ट जॉर्डन याच्या कल्पनेत प्रत्येकाचं आयुष्य हा एक धागा, आणि चक्र ते एकमेकांत गुंफतं. चक्राला सात आरे, एकेक आरा म्हणजे एकेक युग. 'कालचक्र' शब्द आपल्याकडे आयता आहे, पण आपलं कालचक्र नुसतं फिरतं. ते विणतं ही त्याची नवलाई, ती तशीच राहू द्या.

परळवासी
माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, १९८२च्या संपापर्यंत. ताणा, बाणा, धोटा हे घरातले शब्द. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा आडवे, आणि धोटा बाणा घेऊन इकडून तिकडे धावतो. ताणा तुटला की साचा थांबवायचा, नाहीतर कापडात खोट. ज्यांच्याभोवती इतरांची आयुष्यं वळतात त्या पात्रांना मालिकेत 'तावेरेन' म्हणतात. मी त्यांना 'ताण्याचे धागे' म्हणेन.
पॅटर्नला 'वीण' म्हणा ताई. नात्यांची वीण आपण रोज म्हणतो.

माहीमकर
परळवासी, हा शब्द मला सुचायला हवा होता. 'वीण'चा दुसरा अर्थ बघा: जन्म देणं. पक्ष्यांचा विणीचा हंगाम म्हणतो तो. आणि ही सगळी कथाच पुन्हा जन्म घेणाऱ्या माणसाची. ज्याला ड्रॅगन म्हणतात तो त्याच विणीतून पुन्हा बाहेर येतो. इंग्रजी शब्दात हा अर्थ नाहीच. मराठीने इथे मुळाहून जास्त दिलं.

गोरेगावची वाचक
अंगावर काटा आला! 'वीण' पक्का. आता 'अडॅप्टेशन'? 'रूपांतर' म्हटलं की पुस्तक जसंच्या तसं येणार असं लोकांना वाटतं, आणि मग पहिल्याच भागात पेरिन या पात्राला बायको दिसली की भांडण सुरू. पुस्तकात तो तेव्हा अविवाहित आहे.

परळवासी
'बेतलेली मालिका' म्हणा. बेतणं हा शिंप्याचा शब्द: अंगाचं माप घ्यायचं आणि कापड कापायचं. इथे कापड १४ खंडांचं (पूर्वकथा वेगळीच), माप तीन सीझनचं, २४ भागांचं. पुढचं कापड तसंच राहिलं, कारण मे २०२५मध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. मला त्याचं फार वाईट वाटलं. तिसरा सीझन सर्वांत सुरेख जमला होता.

माहीमकर
एक राहिलं. पुस्तकांत 'बेलफायर' नावाची आग आहे. ती धागा मागच्या दिशेने जाळते, म्हणजे त्या माणसाने नुकतंच केलेलं कामही झालंच नाही असं होतं. 'जळणं'मध्ये हे येत नाही.

गोरेगावची वाचक
आईला विचारलं. स्वेटरची चुकलेली ओळ सोडवताना ती म्हणते तेच म्हणाली: "उसवलं."