परदेशात तुम्हाला काय समजले गेले? – अनुभव धागा

माजघर
गेल्या आठवड्यात भाचीने मला एक जुने छायाचित्र पाठवले. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या त्या छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आहेत : साडीतील आनंदीबाई जोशी, किमोनो घातलेल्या जपानच्या के ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या, तिकडच्याच वेशातील सबात इस्लामबुली. छायाचित्राखालच्या ओळीत, आनंदीबाई अमेरिकेला जाण्यापूर्वी जिथे राहत होत्या त्या बंगालमधील सेरामपूरचे नावही चुकलेले आहे.

ते पाहताना मला १९९३ साल आठवले. पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठात मी मातीतील क्षारांवर संशोधन करत होते. विभागाच्या माहितीपत्रकासाठी छायाचित्रे काढायची ठरली, तेव्हा इतर सर्वांना प्रयोगशाळेत आपापल्या उपकरणांजवळ उभे केले गेले. मला मात्र साडी नेसून येण्याची विनंती झाली आणि माझ्या तैवानी मैत्रिणीला ‘तुमच्याकडचा रेशमी पोशाख’ घालून येण्याची. तिच्याकडे तसे काही नव्हतेच. तिने ओळखीच्या एका जपानी बाईंकडून किमोनो उसना आणला. माहितीपत्रक छापून आले, तेव्हा त्यात आमची नावे नव्हती, आमचे विषय नव्हते. फक्त ‘भारत’ आणि ‘जपान’ असे दोन शब्द होते. कुणी एक शब्दही वाईट बोलले नव्हते, उलट साडीचे भरभरून कौतुकच झाले होते, आणि त्यामुळेच तक्रार नेमकी कशाची करायची, हे मला तेव्हा सांगता आले नाही. मैत्रीण मात्र त्या दिवशी जेवली नाही.

तुमचेही असे अनुभव असतील तर लिहावेत. गोड बोलून झालेलेही लिहावेत.

हडसनकाठ
माझा अनुभव गोड नाही. १९८७ साली आम्ही जर्सी सिटीत राहत होतो. त्या उन्हाळ्यात स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीचे पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आले. टोळीचे नावच आमच्या कपाळावरच्या टिकलीवरून ठेवलेले होते. भारतीयांना शहरातून घालवून देण्याची धमकी त्यात होती आणि टेलिफोनच्या पुस्तकात पटेल हे आडनाव शोधून आम्ही घरे गाठतो, असेही लिहिलेले होते. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला बेदम मारहाण झाली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो पारशी होता. मारणाऱ्यांना तेवढा फरक कळण्याचे कारणच नव्हते.

मी रोज गाडी पकडण्यासाठी बाहेर पडताना टिकली काढून दाराजवळच्या आरशावर चिकटवत असे, मंगळसूत्र गळाबंद स्वेटरच्या आत सरकवत असे आणि संध्याकाळी परतल्यावर तीच टिकली पुन्हा लावत असे. त्या आरशाच्या कडेला टिकल्यांच्या गोंदाचे डाग पडले होते. त्याच सुमारास साताऱ्याहून सासूबाई आल्या. त्या ओले कुंकू लावत. त्यांना काय सांगावे, हे आम्हा दोघांनाही कळेना.

चिंचगूळ
ताई, आरशावरच्या डागांचे वाचून गलबलून आले. माझ्या आईच्या आरशावरही टिकल्या असायच्या, पण त्या केवळ सवयीने लावलेल्या. सासूबाईंचे पुढे काय झाले, ते अवश्य लिहा.

ऱ्हाईनवासी
मी जर्मनीत ऑक्टोबर २००० मध्ये आलो. परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी श्रोडर सरकारने त्याच वर्षी ‘ग्रीन कार्ड’ योजना सुरू केली होती. त्याआधी, मे महिन्यात झालेल्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी आपली मुले’, ही यमक जुळवलेली घोषणा गाजली होती. ती देणाऱ्या पक्षाचा पराभव झाला, तरी घोषणा लोकांच्या ओठांवर राहिली. मी यंत्र अभियंता आहे आणि माझे सारे आयुष्य पंपांच्या दुरुस्तीत गेले आहे. तरीही इमारतीतील प्रत्येक जण बिघडलेला संगणक घेऊन माझ्याच दारात उभा राहत असे. मला तो दुरुस्त करता येत नाही, असे सांगितले की समोरच्याला मी मदत टाळतो आहे, असे वाटे. घर मिळवतानाही असेच झाले. दूरध्वनीवर आडनाव ऐकताच घरमालकीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तो पगाराचा नव्हता. स्वयंपाकाच्या वासाचा होता.

उंबरठा
काका, वासाचा प्रश्न आम्हालाही इंग्लंडमधील लेस्टरमध्ये विचारला गेला होता. भाडेकरारातच तळण्यावर निर्बंध घालणारे एक कलम होते. दिवाळीत चकल्या नणंदेच्या घरी जाऊन केल्या.

पाटीपेन्सिल
माजघरताई, ‘गोड बोलून झालेलेही’ असे तुम्ही लिहिलेत, म्हणून धीर करून लिहिते आहे. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझ्या मुलाला चौथीत शिक्षकांनी काहीही न तपासता गणिताच्या पुढच्या गटात बसवले. त्याला भागाकार नीट येत नव्हता, हे तो घरी सांगत होता. पण ‘तुमच्या मुलांना हे उपजत येते’, असे शिक्षकांनी हसून सांगितले आणि मलाही ते ऐकताना बरे वाटले, हे मी कबूल करते. वर्षभर तो मागे पडत राहिला. एकदा त्याने विचारले, ‘आई, मी खरा भारतीय नाही का?’ तो प्रश्न मी विसरू शकत नाही.

आशियाई लोकांना ‘आदर्श अल्पसंख्याक’ म्हणण्याची पद्धत अमेरिकेत १९६६ पासून रूढ झाली, आणि भारतीयांच्या बाबतीत तिचा पाया १९६५ च्या स्थलांतर कायद्यात शोधावा लागतो. देशनिहाय कोटा रद्द करणाऱ्या त्या कायद्याने कुशल आणि शिकलेल्यांसाठी जागा राखून ठेवल्या. त्यामुळे भारतातून जे आले, ते बहुतेक डॉक्टर आणि अभियंते होते, म्हणजे दारातच निवडून घेतलेले होते. त्या निवडीचे फळ लोकांनी आमच्या रक्तातील गुण मानले आणि त्याचे ओझे दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात आले. आता तो फर्निचर बनवायला शिकतो आहे आणि त्याचा हात चांगला आहे.

माजघर
त्याला माझा आशीर्वाद सांगा. त्याने बनवलेले काही पाहायला फार आवडेल.

तिखटमीठ
थोडे खाण्याविषयी लिहितो, कारण ही गोष्ट थेट आपल्या चायनीजच्या गाड्यांपर्यंत पोचली आहे. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचे छोटेसे पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, असे सांगून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातील वाइन, अजिनोमोटो अशी काही संभाव्य कारणे सुचवली होती. त्यातून ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत असा परिणाम सातत्याने दिसला नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून वेगळा केलेला, अजिनोमोटोला चव देणारा हाच पदार्थ टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्येही नैसर्गिकरीत्या असतो, पण इटालियन उपाहारगृहाच्या नावाने आजार निघाला नाही. मी स्वतः पुण्यात वर्षानुवर्षे ‘अजिनोमोटो घालू नका’ असे बजावत आलो आणि ही भीती कुणाची, हे कधी विचारले नाही.

गोळ्याऔषधे
मी न्यूयॉर्कजवळ औषधांच्या दुकानात काम करते. २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाची साथ पसरत असताना, एक नेहमीचे वृद्ध ग्राहक माझ्या चिनी सहकाऱ्याकडून औषध घ्यायला तयार होईनात. ते माझ्या खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘तुमचे ठीक आहे, तुम्ही त्यांच्यातल्या नाही.’ मागे रांग होती. मी औषधाची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि काहीही बोलले नाही. सहकाऱ्याने ते ऐकले होते. दुपारी त्याने नेहमीप्रमाणे माझ्यासाठीही चहा आणला आणि त्या चहाचा एक घोटही माझ्या घशाखाली उतरेना. मी त्याची माफी मागितली, पण ती दोन दिवसांनी. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

ऱ्हाईनवासी
ताई, तुम्ही माफी मागितलीत, याचे मोल मोठे आहे. माझ्या बाबतीत तसे कुणी केले नाही.

हडसनकाठ
सासूबाईंविषयी विचारले होते, म्हणून लिहिते. आम्ही दोघांनी त्यांना वर्तमानपत्रातील मजकूर वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे ठसठशीत कुंकू लावून बागेत जायला निघाल्या. त्यांना एकटे कसे पाठवायचे, म्हणून मी चपला घातल्या. दारात त्या थांबल्या, आरशावरची टिकली नखाने काढून त्यांनी माझ्या कपाळावर लावली आणि म्हणाल्या, ‘चल.’ त्या सहा महिने राहिल्या. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी आम्ही दोघी तशाच बागेत जात होतो, आणि प्रत्येक वेळी घरी परत येईपर्यंत माझ्या पोटात भीतीचा गोळा असे.