दीड महिन्याचे बाळ संध्याकाळी तासन्‌तास रडते. गुटी, थेंब की आणखी काही?

परभणीची लेक :
माझी मुलगी दीड महिन्याची आहे आणि मी सध्या माहेरी, परभणी जिल्ह्यातल्या एका गावी आहे. दिवसभर ती व्यवस्थित दूध पिते आणि झोपते. मात्र दिवेलागणीला रडू लागली की घरातल्या सर्वांची जेवणे उरकली तरी थांबत नाही. रडताना ती लालबुंद होते, मुठी आवळते, पाय पोटाशी घेते आणि मध्येच वारा सरतो, त्यामुळे पोटच दुखत असावे असे सर्वांना वाटते. ताप नाही आणि वजन वाढते आहे, असे आशाताईंनी तपासून सांगितले. आई मुरडशेंग, वेखंड आणि जायफळाची गुटी द्यायची म्हणते, शेजारच्या आजी पोटावर बिब्बा घालायला सांगतात, औषध दुकानदाराने पोटदुखीचे थेंब दिले आहेत आणि माझ्या ताटातून वांगे, हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे केव्हाच गेले. यांतले नेमके काय करावे?

परिचारिका, बालरुग्ण विभाग :
ताई, तुम्ही केलेले वर्णन कोलिकचे दिसते, पण बाळाला एकदा डॉक्टरांना दाखवून दुसरे कारण नसल्याची खात्री करून घ्यावी. निरोगी बाळ दिवसाला 3 तासांहून अधिक, आठवड्यातून 3 दिवसांहून अधिक आणि असे 3 आठवडे रडत असेल तर त्याला कोलिक म्हणावे, हा ठोकताळा मॉरिस वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी 1954 मध्ये मांडला; आता मात्र तास मोजत बसण्यापेक्षा बाळ एरवी निरोगी आहे ना, याकडे अधिक पाहिले जाते. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचते आणि बहुतेक बाळांमध्ये तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. अंगावर पिणाऱ्या आणि वरचे दूध पिणाऱ्या, दोन्ही बाळांना ते होते. नेमके कारण वैद्यकशास्त्राला अजून ठाऊक नाही. पाय पोटाशी घेणे हा गॅसचा पुरावा नव्हे, कारण कोणत्याही कारणाने जोराने रडणारे बाळ तसेच करते आणि रडताना हवा गिळल्यामुळे वाराही सरतो.

दुकानदाराने दिलेल्या बाटलीवरचे घटक वाचावेत. डायसायक्लोमीन असेल तर ते थेंब मुळीच देऊ नयेत, कारण सहा महिन्यांखालील बाळांमध्ये त्याने श्वास अडखळण्याचा धोका असतो. सिमेथिकोन सहसा अपाय करत नाही, पण त्याने कोलिकचे रडणे थांबते असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात आणि जखमेत जंतुसंसर्ग होतो. याबाबत आजींचा मान राखूनही ठाम नकार द्यावा. तुमचे जेवण तोडण्याचेही कारण नाही, बाळंतिणीला डाळ आणि शेंगदाणे हवेतच. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा चिकट आव दिसली तरच गाईच्या दुधाच्या अ‍ॅलर्जीचा विचार करावा लागतो आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने. घरात कोणाला मिश्री किंवा तंबाखूची सवय आहे का, हेही पाहावे. आईच्या तंबाखूतले निकोटिन दुधात उतरते आणि अशी बाळे अधिक किरकिर करतात.

हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, दूध ओढणे बंद होणे, टाळू फुगणे, जांघेत गाठ येणे किंवा रडण्याचा आवाज एकाएकी बदलून बाळ मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर 108 वर फोन करावा. शिवाय कपडे पूर्ण काढून हातापायांची बोटे पाहावीत, कारण आईचा गळलेला केस बोटाभोवती करकचून बसल्यामुळेही बाळे आकांत करतात आणि सगळे मात्र पोट चोळत राहतात.

लातूरचा बाप :
आमच्या मुलाला पुढच्या हातावर पालथे धरून, त्याचे डोके कोपराच्या खळग्यात ठेवून अंगणात फिरवले की तो शांत होत असे. कूलरची संथ घरघरही त्याला आवडे. तो झोपला की आम्ही त्याला नेहमी उताणे ठेवायचो. बाळाला मऊ सुती कापडात सैलसर गुंडाळावे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात टोपडे, दुपटे आणि शेगडी असे सगळे एकदम नको. उकाड्यानेही बाळ रडते. तुम्ही माहेरी आहात, तेव्हा रडण्याच्या वेळेचे वाटे करावेत. सहनशक्ती संपली असे वाटल्यास बाळाला सपाट जागी उताणे ठेवून थोडा वेळ बाजूला जावे, पण रागाच्या भरात त्याला कधीही गदागदा हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अंबाजोगाईची आजी :
आमच्या घरातली सगळी नातवंडे सहाणेवरच्या गुटीवर वाढली आणि रडणेही थांबले. सरसकट वाईट म्हणणे मला पटत नाही.

परिचारिका, बालरुग्ण विभाग :
आजी, गुटी बहुधा रडणे शिगेला पोहोचलेले असतानाच सुरू होते आणि त्यानंतर ते तसेही उतरणीलाच लागते, त्यामुळे त्या आठवड्यात जे काही द्यावे त्याला यश मिळते. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात, आणि जायफळ जास्त उगाळले गेले तर बाळ गुंगीत राहून दूध कमी पिते. मधाचे बोट तर वर्षाच्या आत चाटवूच नये, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीही नको.

परभणीची लेक :
बाटलीवर डायसायक्लोमीनच लिहिलेले आहे. सुदैवाने तिची झाकणपट्टी अजून फोडलेली नाही. आईला मिश्रीची सवय आहे, मला नाही.

परिचारिका, बालरुग्ण विभाग :
बाटली उद्याच परत करावी. आईंनी मिश्री सोडली तर उत्तमच. निदान बाळाला घेण्यापूर्वी त्यांनी हात साबणाने धुवावेत आणि मिश्री भाजण्याचा धूर बाळापर्यंत जाऊ देऊ नये.