व्हिक्सबर्गचा वेढा: '४ जुलै' नेमका कोणाचा?

नदीकाठ: मिसिसिपीच्या काठावरचं व्हिक्सबर्ग बघून आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ साली, उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेने १८ मे ते ४ जुलै हे दक्षिणेच्या ताब्यातलं गाव वेढलं होतं. रसद तुटली. लोक टेकड्यांत भुयारं खणून राहिले, खेचराचं मांस खाल्लं. कागद संपला तेव्हा वर्तमानपत्र वॉलपेपरच्या पाठीवर छापलं. शेवटी गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती पेंबर्टन जवळपास २९ हजार सैनिकांसह शरण आला, तोही नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलैला. पुढे कित्येक दशकं तिथल्या बहुतेक गोऱ्यांनी तो दिवस पाळला नाही. मला खटकलं ते एवढंच, की 'गाव उपाशी होतं' म्हणताना गाव म्हणजे कोण? व्हिक्सबर्ग ज्या वॉरन काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे तेव्हा गुलाम गोऱ्यांपेक्षा जास्त होते. भुयारंही बहुतेक त्यांनीच खणली. त्यांची त्या दिवशी सुटका झाली. वेढ्याचा वारसा म्हणून आधी हे सांगायला हवं.

चिंचपान: नाही पटलं. तोफगोळा काय माणूस बघून पडतो? बायकापोरांनी युद्ध पुकारलं नव्हतं. पणजीने भुयारात काढलेले दिवस नातवंडांनी मनात धरले, त्यात चुकलं काय? आपणही अजून 'पानिपत झालं' म्हणतोच ना!

नदीकाठ: हाल झालेच, ते कोण नाकारतंय? पण डिसेंबर १८७४ मध्ये याच गावात निवडून आलेल्या कृष्णवर्णीय शेरीफला (काउंटीच्या पोलीस प्रमुखाला), पीटर क्रॉस्बीला, गोऱ्यांनी जबरदस्तीने पायउतार केलं. त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या कितीतरी कृष्णवर्णीयांना ठार मारलं. हे का नाही मनात धरलं?

गाळपेर: दोघीही नदीला विसरताय. गावाला वळसा घालायला ग्रँटने कालवा खणायचा खटाटोप केला, तो फसला. १८७६ मध्ये नदीनेच पात्र बदललं आणि गाव मुख्य प्रवाहापासून तुटलं. १९०३ मध्ये याझू नदी वळवून धक्क्याला पाणी आणावं लागलं. गावाची रया गेली त्याचं सगळं खापर वेढ्यावर कशाला?

नदीकाठ: व्यापाराचं मान्य. पण तिथली लष्करी दफनभूमी बघा. उत्तरेचे १७ हजारांवर सैनिक, त्यातले सुमारे १३ हजार अनोळखी. नाव नाही तिथे छोटा चौकोनी दगड, वर नुसता आकडा. एकावरची माती बोटाने पुसून मी तो वाचला. सात हजारांहून जास्त कृष्णवर्णीय सैनिक आहेत तिथे. रणभूमीचं राष्ट्रीय उद्यान १८९९ चं. कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक त्यात उभं राहिलं २००४ मध्ये.

चिंचपान: हे १०५ वर्षांचं अंतर मला ठाऊक नव्हतं. लाजिरवाणं आहे. तरी भुयारांतल्या बायकांबद्दल बोलले ते मागे घेणार नाही.