मम्रेच्या झाडाखाली अब्राहामाकडे जेवून गेले ते कोण?

जालनेकर (धागाकर्ता)

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेला आठ-दहा जण जमतात. गेल्या गुरुवारी बायबलमधल्या उत्पत्तीचा १८वा अध्याय वाचला. भर उन्हाची वेळ, मम्रे नावाच्या ठिकाणी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय. मान वर करतो तर समोर तीन पुरुष उभे. तो धावत जातो, भुईपर्यंत लवतो, पाय धुवायला पाणी मागवतो. बायकोला, साराला, सांगतो, तीन मापं सपीठ लवकर मळ. स्वतः गुरांत जाऊन कोवळं वासरू निवडतो. मग दही, दूध आणि शिजवलेलं वासरू पुढ्यात मांडून झाडाखाली उभा राहतो, आणि ते जेवतात.

वाचून झाल्यावर दहावीतल्या एका मुलाने विचारलं, "पहिल्याच वचनात लिहिलंय की परमेश्वराने दर्शन दिलं. मग देव जेवला का?" दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे.

माझं मत असं. निर्गम ३३:२० मध्ये देव मोशेला सांगतो, मला पाहून माणूस जिवंत राहणार नाही. योहान १:१८ म्हणतो, देवाला कोणी कधीच पाहिलेलं नाही, पुत्राने त्याला प्रकट केलं. तरीही अब्राहामाचा नातू याकोब यब्बोक नदीच्या काठी पहाटेपर्यंत कोणाशी तरी झुंजतो, त्याच्या मांडीचा सांधा निखळतो, आणि तो त्या जागेला पनिएल नाव देतो, कारण देवाला समोरासमोर पाहूनही जीव वाचला. ही सगळी वचनं खरी मानायची तर वाट एकच उरते: दिसला तो पिता नव्हे, पुत्र, म्हणजे ख्रिस्त. बेथलेहेममधल्या जन्माच्या कितीतरी आधी. हे मी आज शोधून काढलेलं नाही. नाब्लुसमध्ये जन्मलेला हुतात्मा जस्टिन दुसऱ्या शतकात त्रिफो नावाच्या यहुदी विद्वानाशी झालेल्या संवादात हेच मांडतो, की मम्रेच्या तिघांत दोन दूत होते आणि तिसरा ख्रिस्त. शास्त्रातला हिशोबही जुळतो. अध्यायाच्या शेवटी अब्राहाम परमेश्वरापुढे उभा आहे, आणि पुढच्या अध्यायात सदोम शहराला पोचतात ते दोनच दूत.

वसईकर

जालनेकर, तळमळ पोचली, पण ही वाट दिसते तितकी सरळ नाही. चर्चने ती एकदा चालून पाहिली आणि ठेच खाल्ली.

पिता अदृश्य, पुत्र दिसणारा, अशी वाटणी केली की पुढचा प्रश्न टळत नाही: जो दिसू शकतो तो न दिसणाऱ्याच्या तोडीचा कसा? चौथ्या शतकात अरियस नावाच्या धर्मगुरूच्या बाजूने नेमकं हेच ओढलं गेलं. दिसतो, फिरतो, जेवतो, म्हणून पुत्र खालच्या पायरीवरचा. इ.स. ३५१ च्या सिर्मियम शहरातल्या बिशपांच्या परिषदेने तर अब्राहामाला पुत्र दिसला, याकोबाशी पुत्र झुंजला, असं न मानणाऱ्यावर शाप लिहिला, आणि त्याच मसुद्यात पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असंही लिहिलं. म्हणून संत ऑगस्टीनने त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरच्या) ग्रंथात ही गाठ मुळापासून सोडवली. देव आपल्या स्वरूपात डोळ्यांना दिसतच नाही, ना पिता, ना पुत्र, ना पवित्र आत्मा. जुन्या करारात दिसलं ते देवाने दूतांकरवी, निर्मितीतल्या वस्तूंकरवी घडवलेलं. आणि तिघांतला एक पुत्र असं म्हणण्याआधी तो विचारतो, तिन्ही पुरुष सारखेच दिसतात, कोणी मोठा-लहान नाही, मग यात त्रैक्याचीच खूण का पाहू नये?

मला स्वतःला खरी अडचण दुसरीच वाटते. 'शब्द देही झाला' हे आम्ही नाताळला म्हणतो तेव्हा गुडघे टेकतो. मम्रेला आधीच हाडामांसाचा येऊन वासरू खाऊन गेला असेल, तर मरियेच्या उदरात नवं काय घडलं? मग तो अनेकांतला एक अवतार ठरेल. देहधारण, म्हणजे देवाने माणसाचा देह घेणं, एकदाच, हा आमच्या श्रद्धेचा कणा आहे.

हिब्रूची विद्यार्थिनी

तुम्ही दोघंही उत्पत्ती मागून वाचताय, योहानाकडून अब्राहामाकडे. मला ते योग्य वाटत नाही. मूळ गोष्ट आधी तिच्या जागी वाचू या.

हिब्रूत दूताला 'मलाख' म्हणतात, म्हणजे निरोप्या. दरबारात राजाचा खलिता वाचणारा "आम्ही हुकूम करतो" म्हणतो, म्हणून तो राजा होत नाही. उत्पत्ती १६ मध्ये साराची दासी हागार हिला झऱ्याकाठी परमेश्वराचा दूत भेटतो आणि "मी तुझी संतती वाढवीन" असं थेट बोलतो. पाठवणारा निरोपातून बोलतो, इतकं पुरेसं आहे. यहुदी परंपरेने मम्रेचे तिघे दूतच मानले. जेवणाचा प्रश्न त्यांनाही पडला होता. तालमूद हा यहुदी धर्मग्रंथ सांगतो, ते खाल्ल्यासारखे दिसले. यहुदी इतिहासकार जोसेफसही पहिल्या शतकात तेच लिहितो. मध्ययुगातला यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदेस तर तो सगळा प्रसंगच संदेष्ट्याचं दर्शन मानतो.

एक गोष्ट मात्र जालनेकरांच्या बाजूची आहे, ती लपवणार नाही. मराठीत आपण एका वडीलधाऱ्यालाही "आपण बसा" म्हणतो आणि तिघांनाही, त्यामुळे मूळातला एक बदल मराठी वाचकाच्या लक्षात येत नाही. हिब्रूत तिसऱ्या वचनात अब्राहाम एकालाच विनवतो, पुढच्याच वचनात पाय धुवा म्हणताना अनेकांशी बोलतो. नवव्या वचनात "ते म्हणाले", दहाव्यात "तो म्हणाला". लिहिणाऱ्याने एक आणि तीन हे मुद्दाम सरमिसळ ठेवलंय असं मला वाटतं. ते सरळ करायची आपल्याला एवढी घाई का?

जालनेकर

ताई, एकवचनाचं मला खरंच माहीत नव्हतं. आभार.

पण "खाल्ल्यासारखे दिसले" हे मला पटत नाही. लूक २४ मध्ये पुनरुत्थित प्रभू भाजलेल्या माशाचा तुकडा मागून शिष्यांसमोर खातो, कारण त्यांना भूत वाटत होतं. तिथे जेवण हा खरेपणाचा पुरावा आहे. मग मम्रेला ते सोंग कसं?

वसईकर, अवतारावरचा तुमचा मुद्दा बोचला. त्यावर तर्तुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाचं उत्तर मला धरून ठेवावंसं वाटतं. तो म्हणतो, तेव्हाचा देह खरा होता, पण जन्मलेला नव्हता, कारण तेव्हा मरायला आला नव्हता. मरायचं होतं म्हणून जन्म घ्यावा लागला. म्हणजे बेथलेहेमात नवं घडलं ते दिसणं नव्हे, मरणाच्या वाट्याला येणं. यात मरियेचा मान कमी होतो असं मला वाटत नाही.

वसईकर

तर्तुलियनचं वाक्य सुंदर आहे, हे मान्य. तरी भेटीपुरता घेतलेला आणि नंतर टाकून दिलेला देह मला स्वीकारता येत नाही. आम्ही मानतो की ख्रिस्ताने घेतलेला देह त्याने आजही टाकलेला नाही. जखमांसकट.

रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये पाचव्या शतकातलं याच प्रसंगाचं मोझेक आहे. वरच्या भागात अब्राहाम तिघांना सामोरा जातोय, आणि मधल्या एकाच्याच अंगाभोवती तेजाचं मोठं वलय. खाली तेच तिघे मेजापाशी बसलेत, अगदी सारखे, तसं अंगाभोवतीचं वलय कोणालाच नाही. एकाच चौकटीत जालनेकरही आहेत आणि ऑगस्टीनही.

केडगावची

मी उशिरा आले. तुमच्याइतकं वाचन नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही. ३९९ साली अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याचं पत्र इजिप्तच्या वाळवंटातल्या मठांत पोचलं, की देवाला माणसासारखं रूप आहे असं मानू नका. सेरापियन नावाचा म्हातारा संन्यासी जन्मभर देवाचं माणसासारखं रूप मनात धरून प्रार्थना करत आला होता. त्याला समजावलं गेलं, त्याने मानलंही. सगळे आनंदाने प्रार्थनेला उभे राहिले, आणि तो ओक्साबोक्शी रडत जमिनीवर कोसळला. म्हणाला, माझा देव माझ्यापासून काढून नेला, आता कोणाला धरू? योहान कासियन या संन्याशाने हे लिहून ठेवलंय.

शिकवण बरोबरच होती, मीही तीच मानते. पण माझी आई शेवटच्या आजारात रात्री पलंगाच्या कडेला कोणीतरी बसलंय असं सांगायची आणि "प्रभू" म्हणायची. मी तिला ऑगस्टीन सांगायला गेले नाही.

हिब्रूची विद्यार्थिनी

केडगावच्या ताई, हे वाचून थांबले. शास्ते १३ आठवला. मानोहा आणि त्याच्या बायकोला परमेश्वराचा दूत दिसतो. मानोहा घाबरून तिला म्हणतो, आपण देवाला पाहिलं, आता नक्की मरणार. ती म्हणते, त्याला मारायचंच असतं तर आपलं होमार्पण त्याने स्वीकारलं नसतं. तिने कोण दिसलं हे ठरवलंच नाही. तिचं नावही शास्त्रात नाही.

जालनेकर

उद्या गुरुवार. त्या मुलाला मी तुमचं सगळं सांगणार आहे, माझं मत धरूनच. वाचायला निर्गम २४ घेतोय. सत्तर वडील डोंगरावर चढतात, इस्राएलाच्या देवाला पाहतात, त्याच्या पायांखाली नीलमण्यांची फरसबंदी. देवाने त्यांच्यावर हात टाकला नाही, आणि ते तिथे जेवले, प्यायले. तो पोरगा पुन्हा जेवणाचंच विचारेल.