टॅबलेट रिसेट करण्याआधी काही शंका, मदत हवी आहे

मंडळी, टॅबलेट घरातल्या मुलाला द्यायचाय आणि त्याआधी सगळं साफ करायचंय, पण सेटिंगमध्ये गेलं की रिसेटचे तीन-चार पर्याय दिसतात आणि डोकं चक्रावतं. नेटवर्क रिसेट केलं की फक्त वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथ जोडण्या वगैरे जातात, फोटो तसेच राहतात, इतकं कळलं. फॅक्टरी रिसेटने मात्र ॲप, फोटो, अकाउंट सगळं उडतं, पण अपडेट होऊन आलेलं अँड्रॉइड व्हर्जन काही जुनं होत नाही, बरोबर ना? (नावावरून तर वाटतं की डबा फोडला तेव्हा होता तसाच होणार!)

खरी भीती गूगल अकाउंटची आहे. अँड्रॉइड ५.१ पासून ते संरक्षण आलंय ना, की बटणं दाबून रिकव्हरीतून (म्हणजे टॅबलेट सुरू होण्याआधी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रिसेट मारला तर नंतर जुनंच अकाउंट किंवा स्क्रीन लॉक मागतो, मग आधी अकाउंट काढून सेटिंगमधूनच रिसेट करावा का?

आणि मेमरी कार्ड बाहेर काढून ठेवू का, कारण काही मॉडेलमध्ये तेही पुसायचा पर्याय असतो म्हणे. कार्ड इंटरनल स्टोरेज म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर रिसेटनंतर त्यातलं काही वाचता येत नाही, कारण त्यातला कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) डेटा उघडायची किल्ली टॅबलेटमध्येच असते, तर माझं कार्ड तसं आहे का हे कसं तपासायचं?

अजून एक, बँकेचे ओटीपी कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप यातच आहे. ते आधी दुसऱ्या फोनवर कसं हलवायचं? ज्यांनी केलंय त्यांनी क्रमाने सांगा प्लीज.