द्राक्षाच्या पेटीत सल्फरचं पॅड, की कोल्ड प्लाझ्मा?

ओझरकर: दरवर्षी तेच रडगाणं. माल उत्तम, मण्यावरची लव शाबूत, तरी निर्यातीच्या पेटीत बुरशी थोपवायला सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारं पॅड घालावंच लागतं. पेटीत ओलावा वाढला की देठाजवळचे मणी पांढरे पडतात. माझं मत स्पष्ट आहे: नाशिकच्या पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या मोठ्या पॅकहाऊसनी कोल्ड प्लाझ्मा आणावा. म्हणजे हवेत उच्च दाबाची वीज सोडली की ओझोन, हायड्रॉक्सिल, नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात आणि जंतूंचं आवरण फोडतात. फळ तापत नाही, पाणी लागत नाही. ई. कोलाय, साल्मोनेला, करडी बुरशी, सगळ्यांवर प्रयोगशाळेत परिणाम दिसलाय.

निफाडचा बागायतदार: प्रयोगशाळेत, दादा! आपला भरलेला घड हातात घेऊन बघा, आतल्या देठापर्यंत बोट जात नाही. सड सुरू होते तिथूनच.

ओझरकर: हायड्रॉक्सिल क्षणात संपतं, मान्य. ओझोन वायू आहे, तो शिरतो की आत.

निफाडचा बागायतदार: मग ओझोनचंच मशीन घ्या, प्लाझ्मा कशाला? आणि डोस वाढवला की देठ तपकिरी पडतो. तिकडचा खरेदीदार आधी देठाचा हिरवेपणा बघतो, मणी नंतर. मुख्य मुद्दा वेगळाच आहे. करडी बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढते. न्हावाशेवाहून रॉटरडॅमपर्यंत पॅड रोज थोडा थोडा वायू सोडत राहतं. प्लाझ्मा एकदा मारला की संपलं. वाटेत एखादा मणी फुटला तर त्याला कोण वाचवणार?

कॉलेजरोडवाली: फवारणीच्या औषधाचा अंशही याने जातो म्हणतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला होता ना?

निफाडचा बागायतदार: ताई, सालीवरचं थोडंफार जात असेल. क्लोरमेक्वाट झाडातून आत मुरतं, मण्याच्या गरात असतं. ते बाहेरून कसं निघणार?

सटाण्याची डाळिंबवाली: तुम्ही दोघं द्राक्षावरच अडलात. आम्ही डाळिंबाचे दाणे काढून डब्यात भरतो. दाणे उकळता येत नाहीत, धुतले की पाणी सुटतं. ट्रेमध्ये एका थरात पसरले तर सगळीकडून मारा बसेल, वर दोन दिवस जरी जास्त टिकले तरी मुंबईचा माल परत येणार नाही. हे तंत्र इथे आधी वापरून बघा.

गंगापूररोडकर: लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून विकिरणाचं केंद्र २००२ पासून आहे. तरी बहुतेक कांदा आजही साठवणीच्या कांदाचाळीतच पडून असतो. मशीन आणणं सोपं, रांगेत माल आणणारा शेतकरी कुठून आणाल?

ओझरकर: शेतकरी भाव बघतो. पॅडविरहित पेटीला दोन पैसे जास्त मिळाले तर येईल.

निफाडचा बागायतदार: ते जास्तीचे पैसे व्यापारी आपल्याला देणार? बरं, असं करू. एकाच बागेचा माल, निम्म्या पेट्या पॅडवर, निम्म्या प्लाझ्मावर, महिनाभर शीतगृहात. मग देठ आणि सडलेले मणी मोजू. द्राक्षं माझी, वीजबिल तुमचं.

ओझरकर: चालेल. फक्त तडकलेले मणी आधीच कात्रीने काढायचे, दोन्हीकडचे.