शब्दचर्चा: भूल 'गाढ', 'खोल' की 'जास्त'?

टिळकवाडीकर
चिकोडीकडच्या आमच्या मामांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. वय 78. मामी आधीच डॉक्टरांना बजावून बसल्या, "जास्त भूल देऊ नका, म्हातारं माणूस उठायचं नाही." डॉक्टर म्हणाले, पाठीत इंजेक्शन देणार, जागेच राहतील. मामी खूश. "म्हणजे कमीच की!"

मामा बरे आहेत, वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. पण माझ्या डोक्यात शब्द अडकलाय. भूल किती दिली हे मराठीत सांगायचं कसं? जास्त-कमी, गाढ-हलकी, पूर्ण-अर्धी? डॉक्टरलोक 'डेप्थ' म्हणतात. त्याचं 'भुलीची खोली' केलं तर लोक ऑपरेशन थिएटरचं दार शोधायला लागतील.

खानापूरची लेक
'खोल' बसणारच नाही, कारण क्रियापदं उलटी आहेत. भूल देतात, मग ती चढते, मग उतरते. ताडीसारखी. इंग्रजीत माणूस भुलीत खाली जातो, आपल्याकडे भूल माणसावर चढते. चढणाऱ्या गोष्टीला खोल कसं म्हणणार? 'गाढ' चालेल, झोपेकडून उसना घेतलेला.

निपाणी (धंद्यानं भूलवाला)
वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

मामींच्या 'जास्त'मध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'पूर्ण भूल' म्हणजे अख्खं शरीर आणि शुद्ध, दोन्ही. तिच्यासमोर उभी राहते ती कमरेखालची किंवा जागेपुरती भूल. हा फरक जागेचा. 'गाढ' आणि 'हलकी' हा फरक मेंदूचा. 'जास्त' आणि 'कमी' हा औषधाच्या मापाचा. पाठीतली भूल म्हणजे पूर्ण भुलीची लहान बहीण नव्हे, रस्ताच वेगळा. आणि माप कमी म्हणून भूल हलकी, हेही खरं नाही. श्वासावाटे द्यायच्या भुलीच्या औषधाची गरज चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 6 टक्क्यांनी घटते. चाळिशीतल्या माणसाला जे माप हलकं पडेल, तेच 80 वर्षांच्या आजोबांना गाढ पडतं.

गाढपणा मोजायला कपाळावर पट्टी लावतात, मेंदूच्या लहरींवरून यंत्र 0 ते 100 मधला आकडा दाखवतं. त्याला बीआयएस म्हणतात. टक्क जागा माणूस शंभराच्या आसपास, पूर्ण भुलीत 40 ते 60. आकडा जितका खाली, भूल तितकी गाढ. म्हणजे खानापूरच्या ताई, आमच्या यंत्रावर भूल चढली की आकडा उतरतो!

खानापूरची लेक
घ्या. मग मामींची भीती खरी की खोटी? गाढ भुलीनं म्हातारी माणसं दगावतात का?

निपाणी (धंद्यानं भूलवाला)
मामी एकट्या नाहीत, डॉक्टरांनाही ती शंका बरीच वर्षं होती. जुन्या नोंदी चाळल्या की ज्यांचा आकडा फार खाली गेला, ते पुढच्या वर्षभरात जास्त गेलेले दिसायचे. पण त्यात मेख अशी, की मुळात थकलेल्या मेंदूचा आकडा थोड्या औषधातही धाडकन खाली येतो. मग जीव भुलीनं गेला की आधीच्या अशक्तपणानं, हे नोंदींवरून कसं ठरवणार?

म्हणून मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून पाहिलं. 2019 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. सात देश, साठीपुढचे 6644 रुग्ण, सगळे आधीच बऱ्यापैकी आजारी आणि दोन तासांहून मोठी ऑपरेशनं. एका गटाचा आकडा 50 च्या आसपास ठेवायचा, दुसऱ्याचा 35 च्या. वर्षभरात हलक्या भुलीतले 6.5 टक्के गेले, गाढ भुलीतले 7.2 टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतकाच. म्हणजे आकडा 35 च्या आसपास जाईल इतकी गाढ भूल दिली म्हणून माणूस गेला, असं म्हणायला त्यातून आधार मिळत नाही.

इथेही शब्द बघा. ऑपरेशन टेबलावरून सुखरूप आला तो 'वाचला'. वर्षानंतरही आहे तो 'तगला'. हा अभ्यास तगण्याचा होता, नातेवाईक विचारतात वाचण्याबद्दल. 'तगणं' हा फार नेमका शब्द आहे, आणि आपण तो रोपांपुरताच ठेवलाय.

येळ्ळूर
कन्नडची भर घालतो. अनेस्थेशियाला पुस्तकी शब्द 'अरिवळिके'. अरिवु म्हणजे जाणीव, ती अळियोदु म्हणजे नष्ट होणं. पण घरात असं कोण बोलतंय? 'प्रज्ञे तप्पितु' म्हणतात, शुद्ध गेली. आता गंमत ऐका. नाम म्हणून 'तप्पु' म्हणजे चूक. आणि आपली 'भूल' म्हणजेही चूकच की, 'भूलचूक देणे घेणे'. दोन्हीकडे शुद्ध जाणं आणि चुकणं एकाच शब्दात! मामी घाबरल्या यात नवल काय? 'भूल जास्त झाली' हे वाक्यच कबुलीजबाबासारखं वाजतं.

टिळकवाडीकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक. शेजारच्या आजोबांचं पोटाचं ऑपरेशन पूर्ण भुलीत झालं. दोन दिवस ते सुनेलाच आई समजत होते. घरचे म्हणाले, "भूल अजून उतरली नाही."

निपाणी (धंद्यानं भूलवाला)
भूल तेव्हाच उतरलेली असते. यासाठी जुन्या लोकांकडे शब्द होता, 'वातात बरळतोय'. आता कुणी वापरत नाही, सगळ्याचं खापर भुलीवर. गाढपणाचा काही संबंध असेलच तर इथे असावा. त्याच मोठ्या अभ्यासातल्या काही रुग्णांत हे बरळणं हलक्या भुलीत 19 टक्क्यांना झालं, गाढ भुलीत 28 टक्क्यांना. पण 2019 मध्येच आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, 1232 रुग्णांत, यंत्राकडे बघून भूल हलकी ठेवली तरी बरळणं कमी झालं नाही. म्हणून मी अजून कुणाला छातीठोक सांगत नाही. घरच्यांना एवढंच सांगतो, चष्मा आणि कानाचं यंत्र लवकर द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

खानापूरची लेक
मग ठरलं. जागेला 'पूर्ण', मेंदूला 'गाढ', मापाला 'जास्त'. 'खोल' बाद.

येळ्ळूर
मंजूर. फक्त गावातल्या निम्म्या पाट्यांवर 'भूलतज्ञ' लिहिलेलं असतं. 'तज्ज्ञ' पाहिजे.

टिळकवाडीकर
कन्नडमध्ये 'तज्ञ'च लिहितात, पाटी रंगवणारा एकच असतो. ही भूल सोडून द्या.